खारफुटीच्या पानांमधले जिवाणूविरोधी घटक: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी कोकणात खाडीकाठच्या गावात वाढले आणि आता मायक्रोबायोलॉजी शिकवते. जून-जुलै आला की एमएस्सीची पोरं प्रोजेक्टचा विषय शोधत येतात, आणि दर वर्षी दोघं-तिघं तरी म्हणतात मॅडम, खारफुटीवर करू या. गावातली माणसंही विचारतात, कुणी लेपाचं विचारतं, कुणी गोळी कधी येणार म्हणून विचारतं. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदा सगळं इथे लिहून ठेवते.

खारफुटीच्या पानांत बॅक्टेरिया मारणारं खरंच काही असतं का?

असतं. पानं वाळवून, मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये भिजवून काढलेला अर्क जिवाणू पसरलेल्या आगरच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर ठेवला की स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या जिवाणूंची वाढ थांबते, हे भारतात आणि बाहेर कितीतरी लॅबमध्ये दिसलेलं आहे आणि आमच्याही लॅबमध्ये आम्ही पाहिलंय. पण "वाढ थांबते" आणि "औषध आहे" यांच्यामध्ये खूप मोठं अंतर आहे, आणि मला येणारे निम्मे प्रश्न त्या अंतरातच अडकलेले असतात, त्यामुळे पुढची उत्तरं जरा सविस्तर आहेत.

कुठल्या झाडांबद्दल बोलतोय आपण?

खारफुटी हे एका झाडाचं नाव नाही, भरतीचं खारं पाणी जिथे आत-बाहेर करतं तिथे उगवणाऱ्या वेगवेगळ्या कुळांतल्या झाडांना मिळून आपण खारफुटी किंवा कांदळवन म्हणतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं ते तिवर, म्हणजे अव्हिसेनिया. त्याच्या मुळ्या पेन्सिली खोचल्यासारख्या चिखलातून वर आलेल्या असतात. कांदळ म्हणजे ऱ्हायझोफोरा, आधारमुळांवर उभं असलेलं, शेंग झाडावरच रुजते ते. पानाच्या टोकाला बारीक काटा असतो आणि पान उलटं केलं की खालून बारीक काळे ठिपके दिसतात. चिप्पी म्हणजे सोनरेशिया, तिच्यातली पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष झाली. मारांडी म्हणजे अकॅन्थस इलिसिफोलियस, काटेरी पानांची आणि निळसर जांभळ्या फुलांची. आणि हुरा, ज्याला काही ठिकाणी गेवा म्हणतात, तो एक्सोकेरिया अगालोका. याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय आणि ते कृपा करून वाचाच.

गावागावात नावं बदलतात, एका खाडीत ज्याला तिवर म्हणतात त्याला पुढच्या खाडीत दुसरंच काही म्हणत असतील. म्हणून प्रोजेक्ट करणाऱ्याने फुलासकट फांदीचा नमुना दाबून वाळवावा आणि बॉटनीच्या माणसाकडून नाव पक्कं करून घ्यावं. तिवरातच दोन-तीन जाती आहेत, अव्हिसेनिया मरिनाचं पान खालून रुपेरी राखाडी दिसतं आणि ऑफिसिनॅलिसचं टोक गोलसर असतं, खालून पिवळट हिरवं. यात गोंधळ झाला तर पुढचं सहा महिन्यांचं काम कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही.

झाडाला हे घटक बनवायची गरज काय?

ओहोटीला चिखलात एकदा उतरून बघा म्हणजे कळेल. वरचा बोटभर थर सोडला की खाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. एका चमचाभर गाळात अफाट जिवाणू, वरून कडक ऊन, पाण्यात मीठ, पानं खायला खेकडे आणि अळ्या टपलेल्या. झाड जागचं हलू शकत नाही, मग ते रसायनं बनवून स्वतःला सांभाळतं. ही रसायनं त्याने आपल्या जखमांसाठी बनवलेली नाहीत, काही अळीला पान कडू लागावं म्हणून आहेत, काही उन्हापासून बचावासाठी, काही बुरशी आत शिरू नये म्हणून. त्यातली काही आपल्याला त्रास देणाऱ्या जिवाणूंवरही चालतात इतकंच.

नेमकी कुठली रसायनं?

पहिला नंबर टॅनिनचा. कांदळाच्या सालीत ते इतकं असतं की नायलॉन यायच्या आधी सुताची जाळी त्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्की करायचे, जाळं लवकर कुजत नसे. जाळं कुजवतात ते सूक्ष्मजीवच, म्हणजे आपल्या कोळ्यांनी हा प्रयोग लॅबच्या कितीतरी आधी करून ठेवला होता. पानातही टॅनिन भरपूर असतं, कांदळाचं पान चावलं की तोंड आवळतं ते त्यामुळेच.

दुसरे फ्लॅव्होनॉइड. चिप्पीच्या बहिणीच्या, सोनरेशिया केसिओलारिसच्या पानांतून ल्युटिओलिन वेगळं काढलेलं आहे. तिसरे ट्रायटरपिनॉइड, म्हणजे ल्युपिओल, बेट्युलिनिक ॲसिड, ओलिॲनोलिक ॲसिड, कांदळात टॅरॅक्सेरॉल, पानावरचा मेणचट थर असतो त्यात ही मंडळी सापडतात. तिवराच्या पानात इरिडॉइड ग्लायकोसाइड आहेत, आणि त्याच्या लाकडात-फांद्यांत नॅफ्थोक्विनोन गटातली रसायनं मिळालीत. मारांडीत बेन्झॉक्साझोलिनोन नावाचा नायट्रोजनवाला घटक आहे, मारांडीच्या रसायनांवर गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या एनआयओत, काम झालेलं आहे.

तर अर्क म्हणजे एक रसायन नाही, शेकडो घटकांची भेळ असते ती. त्यातला नेमका कुठला काम करतोय हे शोधणं हाच अवघड भाग, आणि बहुतेक प्रोजेक्ट तिथे पोचायच्या आधीच संपतात याचं मला फार वाईट वाटतं.

हे घटक जिवाणूला मारतात कसे?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. टॅनिन प्रोटीनला चिकटतं, जिवाणूच्या बाहेरच्या प्रोटीनला आणि एन्झाइमना धरून ठेवतं, शिवाय लोह बांधून ठेवतं आणि लोहाशिवाय बहुतेक जिवाणूंना वाढता येत नाही. तेलकट स्वभावाचे टरपिनॉइड पेशीच्या पडद्यात घुसून तो सैल करतात. क्विनोन पेशीत ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात.

माझ्या प्लेटवर स्टॅफिलोकोकसला झोन आला पण ई. कोलायला काहीच नाही. प्रयोग चुकला का?

नाही चुकला, बहुतेक वेळा असंच होतं. झोन म्हणजे अर्काभोवती जिवाणू न वाढलेली मोकळी गोल जागा. ई. कोलाय हा ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू आहे, त्याला बाहेरून एक जादा पडदा असतो आणि त्यातून मोठे किंवा तेलकट रेणू सहजी आत जात नाहीत, गेलेच तर पंपासारखी प्रोटीनं त्यांना परत बाहेर फेकतात. स्टॅफिलोकोकसला तो बाहेरचा पडदा नाही. मला उलट तेव्हा शंका येते जेव्हा कुणी सांगतं की आमच्या अर्काने सगळेच जिवाणू सारखेच मेले. तेव्हा आधी सॉल्व्हंट, म्हणजे अर्क काढायला वापरलेलं मिथेनॉल वगैरे, नीट उडवलंय का ते बघायचं.

पानं कधी आणि कशी गोळा करायची?

ओहोटीला, सकाळी, आणि शक्यतो भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा जा, उधाणाला पाणी भराभर चढतं आणि नवखा माणूस चिखलात अडकतो. गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्या, एकट्याने उतरू नका.

पूर्ण वाढलेली निरोगी पानं घ्या, अगदी कोवळी नकोत, पिवळी पडलेली नकोत, अळीने खाल्लेली नकोत. एका झाडाची दहा-बारा पानं घेऊन पुढच्या झाडाकडे वळा. शेंड्याची कळी तोडू नका. आणि कांदळाची फांदी तर अजिबात कापू नका, तिवर छाटलं तर परत फुटतं पण कांदळाच्या जुन्या फांदीला नवा फुटवा येत नाही, कापलेली फांदी कायमची गेली. हे फार कमी जणांना माहीत असतं.

किती लागतात? चारशे ग्रॅम ओली पानं खूप झाली. त्यातली सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पावडर मिळते, तिच्यातून मिथेनॉलचा अर्क धरून चाला दहा-बारा ग्रॅम, आणि एका प्लेटला काही मिलीग्रॅमच लागतो. पोतं भरून पानं आणणाऱ्या मुलांना मी हाच हिशोब वहीत मांडायला लावते.

बॅगेवर तारीख, जागा, भरती-ओहोटीची वेळ, पाण्याचा खारटपणा लिहा. पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी येतं, मे महिन्यात खारटपणा चढतो, आणि त्याप्रमाणे पानातली रसायनंही कमी-जास्त होतात.

उन्हात वाळवली तर चालतील?

नको, सावलीत वाळवा, हवा खेळती असलेल्या खोलीत, रोज उलटपालट करून. आधी गोड्या पाण्याने चिखल आणि मीठ धुवा, मग पुसून पसरा. ओव्हन असेल तर ४० अंशांच्या पुढे नेऊ नका.

हे मी अनुभवाने सांगतेय. एका वर्षी आम्ही ऑगस्टमध्ये कांदळाची पानं आणली, ती जाड आणि मांसल असतात, वरून कोरडी वाटली म्हणून डब्यात भरून ठेवली आणि दोन आठवड्यांनी डबा उघडला तर आत राखाडी बुरशीचा थर. बुरशी स्वतःच जिवाणूविरोधी रसायनं बनवते, पेनिसिलिन तिथूनच आलं, त्यामुळे अशा पानांत काही गुण दिसला तरी तो पानाचा की बुरशीचा हे सांगताच येणार नाही. सगळा लॉट टाकून दिला आणि मुलीचं एक सत्र वाया गेलं. तेव्हापासून पान हातात मोडून कडकन आवाज आल्याशिवाय आम्ही ते दळत नाही.

मिथेनॉलच कशाला? पाण्यात उकळून काढा केला तर?

पाणी काही घटक काढतं, मिथेनॉल त्याहून जास्त प्रकारचे काढतं, हेक्झेन फक्त मेणचट आणि तेलकट भाग घेतं. म्हणून नीट काम करणारे आधी एक मोठा अर्क करतात आणि मग हेक्झेन, क्लोरोफॉर्म, इथाइल ॲसिटेट आणि पाणी असे त्याचे वाटे पाडून प्रत्येक वाटा वेगळा तपासतात. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, म्हणून ते रोटरी इव्हॅपोरेटरवर कमी दाबाखाली ४०-४५ अंशांना पूर्ण उडवायचं. थोडं जरी राहिलं तरी झोन त्याचाच येईल.

पाण्याच्या अर्काची एक गोष्ट खास खारफुटीपुरती आहे. तिवराचं पान मीठ बाहेर टाकतं, कोरड्या दिवशी दुपारी पान हातात घ्या, खालच्या-वरच्या बाजूला बारीक चमचमते कण दिसतात, जीभ लावली तर खारट लागतं. पानाच्या आतही मीठ असतं, धुऊन ते जात नाही. पाण्यात उकळलं की ते सगळं अर्कात उतरतं, अर्क आटवला की आणखी दाट होतं. आता स्टॅफिलोकोकस साडेसात टक्के मिठाच्या माध्यमातही वाढतो, पण ई. कोलायला तेवढं मीठ झेपत नाही. म्हणजे पाण्याच्या अर्काने ई. कोलाय थांबला तर तो पानाचा गुण की निव्वळ मिठाचा? हे तपासायला तेवढ्याच मिठाचं साधं द्रावण कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ठेवावं लागतं. आंब्या-कडुनिंबाच्या पानांसाठी लिहिलेली पद्धत खारफुटीला जशीच्या तशी लावली की हीच चूक होते.

१८ मिलिमीटरचा झोन आलाय, सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचा २५ चा आहे. म्हणजे आमचा अर्क जवळपास सिप्रोइतका चांगला ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि इथे मी थांबून सविस्तर सांगते कारण इथेच सगळं घसरतं.

तुम्ही वेलमध्ये, म्हणजे आगरला पाडलेल्या खड्ड्यात, काय घातलंत ते आठवा. समजा १०० मिलीग्रॅम प्रति मिलीलिटरचा अर्क, त्यातले ५० मायक्रोलिटर. म्हणजे ५ मिलीग्रॅम. सिप्रोच्या डिस्कमध्ये, म्हणजे औषध लावलेल्या कागदाच्या चकतीत, असतात ५ मायक्रोग्रॅम. एक हजार पट फरक आहे. हजार पट माल घालून झोन लहानच आलाय, तेव्हा दोन आकडे शेजारी लिहून तुलना करणं बरोबर नाही.

दुसरं, झोनचा आकार घटक किती जोरदार यावर जसा अवलंबून असतो तसाच तो आगरमध्ये किती पसरतो यावरही असतो. टॅनिनचे मोठे रेणू आणि तेलकट टरपिनॉइड आगरमध्ये नीट सरकत नाहीत, त्यामुळे एखादा खरोखर चांगला घटक लहान झोन देऊ शकतो आणि एखादा साधाच घटक भराभर पसरून मोठा झोन देतो. डिस्कची पद्धत १९६६ साली किर्बी आणि बाउर यांच्या नावाने रूढ झाली ती ठरलेल्या अँटिबायोटिकच्या ठरलेल्या डोससाठी, अर्कांसाठी ती फक्त "इथे काहीतरी आहे" एवढंच सांगते.

तिसरं, डिस्कच ६ मिलिमीटरची असते. ७ मिलिमीटरचा झोन म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर, त्याला ॲक्टिव्हिटी म्हणू नका.

चौथं, जिवाणूंचं प्रमाण. ०.५ मॅकफारलँड (जिवाणूंच्या द्रावणाचा ठरलेला गढूळपणा) म्हणजे एका मिलीलिटरला सुमारे १५ कोटी पेशी, डोळ्याने अंदाज करून पातळ केलंत तर झोन आपोआप मोठा दिसतो. म्युलर-हिंटन आगर ४ मिलिमीटर जाडीचाच ओता, पातळ प्लेटवरही झोन फुगतो. आणि नुसत्या डीएमएसओचा, म्हणजे अर्क विरघळवायच्या द्रवाचा, कंट्रोल प्रत्येक प्लेटवर हवाच, "मागच्या वेळी केला होता" हे चालत नाही.

मग चांगलं काय मोजायचं?

एमआयसी, म्हणजे कमीत कमी किती प्रमाणात वाढ थांबते तो आकडा. ९६ खणांच्या प्लेटमध्ये अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जायचं. साधारण निकष असा की कच्च्या अर्काचा एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या आत असेल तर पुढे जायला अर्थ आहे, आणि १००० च्या वर गेला तर त्यावर फार जीव टाकू नये. तुलनेसाठी सांगते, ई. कोलायच्या प्रमाणित स्ट्रेनवर सिप्रोचा एमआयसी ०.०१ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या आसपास असतो. अर्कात शेकडो घटक असल्याने ही तुलना सरळ नाही, तरी खरा घटक वेगळा काढल्यावर एमआयसी झपाट्याने खाली यायला हवा. शुद्ध करत गेलात आणि आकडा जागचा हललाच नाही तर समजा की चुकीच्या वाट्याच्या मागे लागलोय.

अर्क गडद हिरवा-तपकिरी असल्याने खण गढूळ झाला की नाही ते डोळ्याला कळत नाही, म्हणून रेसाझुरिन नावाचा रंग वापरतात, वाढ असली की निळ्याचा गुलाबी होतो. पण खारफुटीच्या अर्कातले फिनॉल स्वतःच रेसाझुरिनचा रंग बदलू शकतात, तेव्हा जिवाणू न घालता नुसता अर्क आणि रंग असाही एक खण ठेवा. शंका आली तर खणातलं थोडं प्लेटवर पसरून दुसऱ्या दिवशी बघा, त्यात खोटं काही राहत नाही.

जीसी-एमएसचा रिपोर्ट आलाय, चाळीस कंपाउंडची यादी आहे. आता लिहून टाकू का की हेच जिवाणूविरोधी घटक?

नाही. जीसी-एमएस म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखायचं यंत्र, त्यात जे उष्णतेने वाफ होऊन उडतं तेच दिसतं. टॅनिन, ग्लायकोसाइड, बरेचसे फ्लॅव्होनॉइड उडतच नाहीत, म्हणजे ज्यांच्यावर आपला संशय आहे तेच यादीत नसतात. आणि यादी म्हणजे यंत्रातल्या तयार नोंदींच्या लायब्ररीशी जुळवलेला अंदाज असतो.

यादीत थॅलेट नावाचे घटक दिसले तर तर अजिबात खूश होऊ नका. ते प्लास्टिक मऊ करायला वापरतात, सॉल्व्हंटच्या कॅनमधून, नळीतून, टिप्समधून ते अर्कात उतरतात. किती प्रबंधांमध्ये ते "पानातला नवीन घटक" म्हणून छापलेत हे बघून जीव तुटतो. नुसतं सॉल्व्हंट त्याच भांड्यांतून, त्याच पायऱ्यांनी नेऊन त्याचाही रिपोर्ट काढा, त्यात जे येईल ते पानाचं नाही. खरी ओळख पटवायची तर कॉलम करून (अर्क भरलेल्या नळीतून सोडून घटक वेगळे करत) घटक शुद्ध करायचा आणि एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारी चाचणी, काढायचा, याला दुसरा रस्ता नाही.

पानांच्या अर्कातून सिल्व्हर नॅनोपार्टिकल (चांदीचे अतिसूक्ष्म कण) केले, झोन दुप्पट झाला!

चांदी स्वतःच जिवाणू मारते. तेवढ्याच चांदीचा पानाशिवायचा कंट्रोल ठेवलात का? ठेवला असेल तरच पुढे बोलू.

आमच्या आईच्या पायाला डायबेटिसची जखम आहे. तिवराच्या पानांचा लेप लावू का?

नका लावू, हात जोडून सांगते. डायबेटिसची जखम लवकर भरत नाही, तिथे रक्तपुरवठा कमी असतो आणि दुखत नसल्याने आत किती गेलंय ते कळत नाही. पान खाडीच्या गाळाजवळचं असतं, त्यावर स्वतःचे जिवाणू असतात, वाटून लावलं की ते थेट जखमेत. लॅबमध्ये आम्ही अर्क गाळून, जंतू काढून वापरतो आणि तोही काचेच्या प्लेटवर, माणसावर नाही. टॅनिनमुळे वरून जखम आकसलेली आणि कोरडी दिसते, घरच्यांना वाटतं बरी होतेय, आणि आत पू तसाच राहतो. आमच्या शेजारच्या एका काकांच्या बाबतीत हे झालेलं मी पाहिलंय, दवाखान्यात जायला तीन आठवडे उशीर झाला आणि अंगठा काढावा लागला. आधी डॉक्टर.

परंपरेत मारांडीचा शेक संधिवाताला देतात, तिवराचा पाला जनावरांना घालतात, हे सगळं मला माहीत आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण पिकलेल्या जखमेची गोष्ट वेगळी.

हुऱ्याचं वेगळं काय सांगणार होता?

हुऱ्याचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर प्रचंड आग होते, काही काळ दिसायचं बंद होऊ शकतं, कातडीवर फोड येतात. खाडीत जाणारी माणसं त्याला हात लावत नाहीत. इंग्रजीत त्याला आंधळं करणारं झाड अशाच अर्थाचं नाव आहे. चिकात फोर्बोल गटातली रसायनं असतात, ती पेशींना जोरदार चेतवतात. गळायच्या आधी पानं लाल होतात त्यावरून झाड ओळखता येतं.

याच्या अर्काला झोन छान येतो आणि म्हणून मुलं त्याच्याकडे ओढली जातात. पण जे रसायन जिवाणू आणि माणसाची पेशी दोन्ही मारतं ते औषध नाही. हुऱ्यावर काम करायचंच असेल तर गॉगल, ग्लोव्ह्ज, आणि पदवीच्या मुलांनी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी अर्कांचीही विषारीपणाची चाचणी करा, साध्या कॉलेजातही आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाच्या) पिल्लांवर किंवा रक्तपेशी फुटतात का ते बघून पहिला अंदाज येतो.

यातून अँटिबायोटिकची गोळी कधी येणार?

तारीख कुणीच देऊ शकत नाही. आज दवाखान्यात इन्फेक्शनसाठी देतात त्या अँटिबायोटिकमधली बहुतेक मुळात मातीतल्या जिवाणूंपासून आणि बुरशीपासून आली किंवा कारखान्यात रचली गेली. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूमधून मिळालं. झाडांनी मलेरियाचं क्विनीन दिलं, आर्टेमिसिनिन दिलं, कॅन्सरची औषधं दिली, पण जिवाणूंच्या बाबतीत झाडांचा हात अजून तितका चाललेला नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी करायचा?

कारण गरज खरी आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली असा जागतिक अंदाज आहे. नवीन रेणू कुठूनही आला तरी हवाच आहे, आणि खारफुटीसारख्या टोकाच्या जागी काय काय दडलंय ते आपण नीट पाहिलेलंच नाही.

मला स्वतःला तीन वाटा जास्त आशेच्या वाटतात. एक, अर्क एकटा मारत नसला तरी जुन्या अँटिबायोटिकला मदत करतो का, म्हणजे जिवाणूचा पंप बंद पाडून औषध आत टिकवतो का, हे चेकरबोर्ड पद्धतीने, म्हणजे दोन्हींची वेगवेगळी प्रमाणं एकत्र करून, साध्या लॅबमध्येही बघता येतं. दोन, पानाच्या आत राहणारे सूक्ष्मजीव. पान वरून निर्जंतुक करून कापून माध्यमावर ठेवलं की आतून बुरशी आणि जिवाणू उगवतात, आणि बऱ्याचदा खरं रसायन तेच बनवत असतात. ब्रुगिएरा या खारफुटीच्या आत राहणाऱ्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून झियामायसिन नावाचा नवा रेणू २०१० साली समोर आला. यात झाडाचाही फायदा आहे, सूक्ष्मजीव एकदा बाटलीत वाढवला की परत परत पानं तोडायला लागत नाहीत. तीन, कोळंबी. कोळंबीच्या तळ्यांत व्हिब्रिओ जिवाणूने मोठं नुकसान होतं, क्लोरॅम्फेनिकॉलसारखी औषधं तिथे चालत नाहीत, परदेशातून मालच परत येतो. खाद्यात मिसळायचा पानांचा अर्क हे ध्येय माणसाच्या गोळीपेक्षा कितीतरी जवळचं आहे, फक्त त्या तळ्यांसाठी खारफुटी तोडलेली नसावी.

पानं तोडायला परवानगी लागते का?

लागते. महाराष्ट्रात सरकारी जमिनीवरची खारफुटी वनखात्याकडे आहे, २०१२ पासून त्यासाठी वेगळा कांदळवन कक्ष आहे, आणि मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये राज्यभर खारफुटी तोडण्यावर कडक बंदी घातली. कॉलेजच्या लेटरहेडवर जात, जागा, किती ग्रॅम, कशासाठी, हे लिहून अर्ज करा आणि उत्तर हातात येईपर्यंत थांबा. जूनमध्ये अर्ज केला तर पाऊस संपता संपता काम सुरू करता येतं.

पेटंट घेता येईल का? आणि गावाला काय मिळणार?

पेटंट किंवा परदेशी संस्थेला नमुने द्यायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं, २००२ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे. धंद्यासाठी वापर असेल तर राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. आणि फायद्यातला वाटा स्थानिकांना द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. म्हणून ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या खाडीची झाडं आणि त्यांचे उपयोग लिहिलेत का ते गावाने जाऊन बघावं. ज्या आजीने मला मारांडी आणि हुरा ओळखायला शिकवलं तिचं ज्ञान कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते आम्ही तिच्या नावासकट नोंदवहीत घातलं.

आमच्या कॉलेजात रोटरी नाही, एनएमआर तर लांबच. आम्ही काय करायचं?

एकच झाड घ्या, एकच खाडी, आणि प्रत्येक ऋतूत त्याच झाडांची पानं त्याच पद्धतीने तपासा. प्रत्येक वेळी तीन-तीन प्लेट, सगळे कंट्रोल, एमआयसी. नीट वाळवलेली पावडर डीप फ्रीझरमध्ये लेबल लावून ठेवा, पुढे मोठ्या संस्थेशी हात मिळवायची वेळ आली की तीच कामाला येते. आणि झोन आला नाही तर तेही लिहा. "काही मिळालं नाही" हे लिहिलं नाही म्हणून पुढच्या पोराने परत तीच पानं तोडली असं व्हायला नको.

बाई, आमच्या खाडीतली तिवरं जास्त गुणाची की पलीकडच्या?

हे मला आमच्याच वाडीतल्या मासे विकणाऱ्या मावशींनी विचारलं, आणि इतका चांगला प्रश्न मला परीक्षकांनीही विचारलेला नाही. फरक असणार, कारण एका खाडीला नदीचं गोडं पाणी जास्त येतं आणि दुसरी मुखाजवळ आहे. पण सांगायचं तर दोन्हीकडची पानं एकाच दिवशी, एकाच ओहोटीला आणून एकाच वेळी तपासायला हवीत. या नोव्हेंबरला आम्ही तेच करतोय, परवानगीचा अर्ज जूनमध्येच दिलाय, आणि पलीकडच्या खाडीत न्यायला होडी मावशींच्या मुलाचीच आहे.